जमिनीत घट्ट रुतलेली सळई हाताच्या अवजारांनी कशी काढायची

मांडवाचा खुंटा, कुंपणाचा अँगल, अर्थिंगचा रॉड, बांधकामाच्या लाइन आउटसाठी (आखणीसाठी) ठोकलेली सळई या वस्तू जमिनीत घालायला घण आणि थोडा दम पुरतो. काढायची वेळ आली की माणसं पहिल्यांदा सरळ वर ओढून बघतात, मग आडवी हलवतात, शेवटी ट्रॅक्टरला साखळी बांधतात. सळई वाकते किंवा जमिनीलगत तुटते, आणि खालचा तुकडा पुढच्या नांगरटीला फाळात येतो.

हे काम दोन माणसं आणि साध्या अवजारांनी होतं. त्यासाठी एकच क्रम पाळायचा: आधी मातीची पकड सोडवायची, मगच वर उचलायचं. पुढचं सगळं या क्रमाला धरूनच आहे.

१. सळई कशाने धरली आहे ते आधी ओळखा

सळईचं वजन इथे अगदी किरकोळ असतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे साइटवरचं नेहमीचं सूत्र लावलं तर १६ मिमी सळई मीटरला १.५८ किलो भरते, म्हणजे अडीच मीटरची सळई चार किलोची. ती धरून ठेवते तिच्या अंगाला चिकटलेली माती.

हिशेब करून बघा. १६ मिमीची सळई अडीच मीटर आत असेल तर मातीला टेकलेलं तिचं अंग साधारण १,२५७ चौरस सेंमी होतं. मध्यम घट्ट चिकणमाती दर चौरस सेंमीला ३०० ग्रॅमने धरते असं मानलं, तर सरळ वर ओढायला ३७५ किलोच्या आसपास जोर लागेल. दोन माणसांच्या पाठीला हे झेपणार नाही.

आता तीच सळई जागच्या जागी फिरवायची आहे असं समजा. घर्षण तेवढंच आहे, पण ते सळईच्या मध्यापासून फक्त ८ मिमीवर काम करतं. १८ इंची पाइप पाना लावला तर तुमचा हात मध्यापासून ४५ सेंमीवर असतो, आणि पान्याच्या टोकाला सात किलोपेक्षा कमी जोर पुरतो. ३७५ किलोच्या जागी सात किलो! शिवाय सळई फिरत असताना घर्षणाचा रोख फिरण्याच्या उलट दिशेने वळतो, त्यामुळे वर ओढण्याला होणारा विरोध खूप घटतो. म्हणून एकाने फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने उचलत राहायचं. गोल सळईसाठी याहून मोठी युक्ती नाही.

सळई नुसत्या चिकटण्याने अडलेली नसेल, तर कारण यांपैकी एक असतं:

गंज: लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीची माती व खडे त्याला धरून कडक कवच तयार होतं. पान्याने फिरवताना आधी काहीच हलत नाही, मग 'कट्' असा आवाज येऊन एकदम सुटतं.

वाक: ठोकताना खाली दगड लागला आणि सळई वळली. फिरवताना ती स्प्रिंगसारखी परत येते आणि वरचं टोक गोल गोल डोलतं. अशी सळई जोर लावून फिरवू नका, तुटेल.

काँक्रीट: कुंपणाच्या अँगलखाली ३० × ३० × ४५ सेंमीचा ठोकळा असेल तर तो एकटाच ९७ किलोचा असतो. त्यात अँगलचं खालचं टोक बहुधा फाकवलेलं असतं, म्हणजे ठोकळ्यातून अँगल सुटत नाही. इथे ठोकळ्यासकट काढायचं.

टॉर सळईच्या अंगावरच्या धारांत माती अडकते. ती फिरते, पण पहिल्या फेऱ्याला जोर जास्त लागतो.

२. लागणारं साहित्य

सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या पाच वस्तूंत साध्या सळया आणि खुंटे निघतात.

- पहार: दीड ते पावणेदोन मीटर लांब, २५ ते ३२ मिमी जाडीची. शक्य असेल तर दोन.
- पाइप पाना: १८ इंची, आणि अर्थिंगच्या जाड पाइपसाठी २४ इंची.
- साखळी: ८ मिमी, ग्रेड ८०, दोन मीटर, हुकासह. या साखळीची कामाची क्षमता दोन टन असते, फास टाकून वापरली तर ती एक पंचमांशाने कमी धरायची. कुत्रा बांधायची किंवा गेटची साखळी चालत नाही.
- टेकू आणि फळी: १५ × १५ सेंमीचा लाकडी ठोकळा, आणि त्याच्या खाली ३० × ३० सेंमीची, निदान ५ सेंमी जाड फळी.
- चार-पाच किलोचा घण, वायर ब्रश, पाण्याची बादली.
- दोन बोल्टचा शिकंजा (कसा बनवायचा ते सहाव्या भागात).
- डी-शॅकल (पिन घालून बंद होणारी लोखंडी कडी) दोन, १० किंवा १२ मिमी.
- उचलीसाठी यांपैकी एक: दातेरी उभ्या दांडीचा फार्म जॅक, २ ते ५ टनांचे दोन बॉटल जॅक, किंवा एक टनाची चेन पुली आणि तिकाटणं (तीन पायांची घोडी).
- चामडी हातमोजे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, आणि घण चालवताना चष्मा.

३. ओढण्याआधी ही तपासणी करा

अर्थिंगचा रॉड असेल तर तो कशाला जोडलेला आहे ते बघितल्याशिवाय हात लावू नका. घराचं किंवा मोटारीचं जुनं अर्थिंग काढायचं असेल तर आधी नवीन बसवून, जोडून, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि मगच मेन स्विच बंद करून जुन्याची तार सोडवा. अर्थिंगच्या तारेतून बिघाडाचा प्रवाह वाहत असू शकतो. जोडलेली तार नुसती कापली तर तुमच्या दोन हातांमध्ये विजेचा दाब येतो. आभाळात विजा चमकत असतील तर काम दुसऱ्या दिवशी. डीपीजवळचं अर्थिंग आणि विजेच्या खांबाच्या ताणाचा रॉड हे वीज कंपनीचं काम आहे, त्याला हात लावायचाच नाही.

वर बघा. तीन मीटरची सळई जमिनीतून बाहेर आली की तिचं टोक सर्व्हिस वायरपर्यंत सहज पोचतं. असा लांब रॉड काढताना दीड मीटर बाहेर आला की एकाने तो धरून ठेवायचा.

शेताच्या बांधावर मोजणीची खूण म्हणून घातलेलं लोखंड किंवा दगड असेल तर तो काढू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार सीमाचिन्ह हलवणं दंडाला पात्र आहे, आणि शेजाऱ्याशी निघणारा वाद त्याहून महाग पडतो.

शहरात आवारातून पाण्याची, विजेची, गॅसची लाइन कुठून गेली आहे ते सोसायटीत विचारून घ्या. सळई वर येताना काही बिघडत नाही, पण ती सोडवण्यासाठी बाजूला पहार घातली की लाइनला लागते.

४. माती तयार करा

या भागात घाई केली की पुढे दुप्पट वेळ जातो.

काळी माती वाफशावर (ओलसर पण चिखल नाही अशी) असताना काम सर्वात हलकं होतं. मे महिन्यात तीच माती विटेसारखी कडक होते. वरच्या अर्ध्या-एक फुटात ती आकसून सळईभोवती फट पडलेली दिसते, त्यामुळे सळई ढिली वाटते, पण खाली पकड तशीच असते. त्या फटीचा उपयोग करून घ्या. सळईलगत थोडं थोडं पाणी सोडा, पान्याने सळई पाव फेरा पुढे-मागे हलवत राहा, म्हणजे पाणी अंगालगत खाली ओढलं जातं. भोवती आळं करून पाणी तुंबवलं तर फक्त वरचा चिखल होतो, तळाला काही पोचत नाही, आणि तुमच्या जॅकची फळी त्या चिखलात बुडते.

मुरमात पाणी लवकर झिरपतं, पण मुरूम स्वतः मऊ पडत नाही. तिथे पाण्यापेक्षा ठोके आणि फिरवणं कामाला येतं.

नदीकाठच्या गाळात आणि वाळूत नळाचा होज लावलेला अर्धा इंची पाइप सळईलगत खाली सरकवा. पाण्याच्या जोराने वाळू उकळते आणि सळई हाताने वर येते. हाच प्रयोग काळ्या मातीत केला तर चिखलाशिवाय काही मिळत नाही.

कोकणातल्या जांभ्यात सळई बहुधा भोक पाडून बसवलेली असते आणि भोवती भुकटी घट्ट झालेली असते. ती भुकटी बारीक तारेने किंवा छोट्या सळईने जितकी खोल जाईल तितकी टोकरून काढा.

५. पकड सोडवा

आधी वर निघालेला भाग वायर ब्रशने साफ करा. घणाने ठोकून टोक मशरूमसारखं पसरलेलं असेल तर ग्राइंडरने किंवा कानशीने मूळ जाडीला आणा, नाहीतर पुढे शिकंजा किंवा भोकाची पट्टी (दोन्ही सहाव्या भागात) वरून आत जाणारच नाही.

मग सळईला खाली दोन-तीन ठोके द्या. सांगितलं तर उलटं वाटतं, पण गंजाचं कवच फोडायला हाच सोपा मार्ग आहे. टोकावर लाकडी ठोकळा धरून मारा. सळई मिलिमीटरभर जरी खाली गेली तरी अंगाचा बंध तुटतो. खाली दगडाला टेकलेली सळई मात्र खाली ठोकू नका, ती तिथे वाकते.

आता पाइप पाना. जमिनीपासून १० ते १५ सेंमीवर लावा. उंच लावला तर सळई पिळते आणि वाकते, खालपर्यंत जोर पोचत नाही. सुरुवातीला पाव फेरा उजवीकडे. पाइप पाना एकाच दिशेने पकडतो, म्हणून डावीकडे फिरवायला तो उलटा लावावा लागतो. दोन पाने असतील तर एक सुलट, एक उलट लावून ठेवा. दहा-बारा वेळा पुढे-मागे झालं, आणि पूर्ण फेरा सहज फिरू लागला, की पकड सुटली असं समजा.

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवायची असेल तर दुपटीपेक्षा जास्त वाढवू नका. पानाच तुटतो, आणि त्या वेळी तुमचं तोंड त्याच्या समोर असतं.

गोल नसलेल्या वस्तूला हे चालत नाही. अँगल आणि पट्टी फिरवता येत नाही, तिला घणाने चारही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके देऊन आणि पहारेने पुढे-मागे करून भोवती फट पाडायची. फट पडली की त्यात पाणी.

६. धरायचं कसं

काम अडतं ते बहुतेक इथेच. उचलायला जॅक असतो, जोर असतो, पण गुळगुळीत गोल सळईवरून साखळी घसरते. पाइप पाना फिरवायला उत्तम आहे, पण त्याच्या खाली जॅक लावून उचललं तर जबडा उघडतो आणि पाना उडतो. तसं करू नका.

१२ ते २० मिमी सळईसाठी दोन बोल्टचा शिकंजा बनवून घ्या. गावातला फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात करून देतो. त्याला हे सांगा:

- ५० × १६ मिमीच्या लोखंडी पट्टीचे २०० मिमी लांबीचे दोन तुकडे.
- दोन्ही तुकड्यांच्या मध्ये २ मिमी जाडीचा पत्रा ठेवून व्हाइसमध्ये आवळायचे, आणि सांध्यावर बरोबर मध्ये, पट्टीच्या ५० मिमी रुंदीतून आरपार, सळईच्या जाडीचं भोक पाडायचं. पत्रा काढला की प्रत्येक तुकड्यात अर्धगोल खाच उरते आणि बोल्ट आवळताना सळई खरोखर दाबली जाते. पत्रा न ठेवता भोक पाडलं तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि सळई मोकळीच राहते.
- भोकाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ३० मिमीवर १२ मिमी बोल्ट. डोक्यावर ८.८ लिहिलेले घ्यायचे.
- दोन्ही टोकांना शॅकलसाठी १४ मिमीची भोकं.

बोल्ट १८ किंवा १९ नंबरच्या पान्याने, आळीपाळीने आवळा. सळई तेलकट किंवा चिखलाची असेल तर घसरेल, म्हणून आधी पुसा. दोन्ही टोकांना शॅकल लावून साखळीचे दोन पदर वर घेतले की ओढ सळईच्या दोन्ही बाजूंना सारखी पडते आणि सळईचं टोक मधून मोकळं वर येतं.

काही जण जाड पट्टीला सळईपेक्षा दीड-दोन मिमी मोठं भोक पाडून ती सळईवर घालतात आणि पट्टीचं दुसरं टोक साखळीने ओढतात. पट्टी तिरकी होते, भोकाच्या कडा सळईत रुततात, आणि जितकं ओढाल तितकी ती घट्ट धरते. बोल्ट नाही, पाना नाही, पुढची पकड घ्यायला नुसती खाली ढकलायची. २५ मिमीच्या खुंट्यांसाठी ही पट्टी फार सोयीची आहे: १६ मिमी जाड, ६५ मिमी रुंद, १५० मिमी लांब, सळईचं भोक २७ मिमी, आणि तिथपासून ८० मिमीवर शॅकलचं भोक. हे अंतर ४० मिमीपेक्षा कमी ठेवलं तर पट्टी पकडतच नाही, नुसती वर सरकते. मात्र या पट्टीची ओढ एकाच बाजूने असते, त्यामुळे सळईला वाकवणारा जोरही पडतो. २५ मिमीचा खुंटा तो सहन करतो, १६ मिमीची सळई ३०० किलोवर वाकते. बारीक सळईला शिकंजाच लावा.

अँगलला काटेरी तार ओवायची भोकं असतात. जमिनीजवळच्या भोकात १० मिमीचा बोल्ट घाला आणि साखळीचा फास त्या बोल्टच्या खाली टाका. सहा मिमीचा बोल्ट किंवा तारेचा तुकडा घातला तर वाकून निसटतो.

७. उचल

कुठलंही साधन वापरा, ओढ सळईच्याच रेषेत हवी. सळई तिरकी ठोकलेली असेल तर तिरकीच ओढायची.

पहार आणि टेकू. दीड मीटरच्या पहारेखाली, सळईपासून १५ सेंमीवर टेकू ठेवला की नऊपट जोर मिळतो. तुम्ही टोकावर ३० किलोने दाबलं तर सळईला २७० किलोची ओढ बसते. टेकूवर त्या दोन्हींची बेरीज पडते, म्हणून खाली फळी हवीच. पहारेचं टोक गोलाईत वर जातं आणि सळईला बाजूला खेचतं. यासाठी एका दमात फार उचलू नका: हाताकडचं टोक ४५ सेंमी खाली गेलं की सळई ५ सेंमी वर येते, तिथे थांबून पकड खाली घ्या. समोरासमोर दोन पहारा, दोन टेकू आणि दोन माणसं असतील तर बाजूची ओढ एकमेकांत जिरते. खाली दाबून उचलायचं, पहार खांद्याने वर उचलायची नाही, कारण सळई अचानक सुटली की पाठ जाते.

फार्म जॅक. याचा तळ छोटा असतो आणि मातीत घुसतो. फळी घाला. जॅक सळईच्या जितका जवळ उभा करता येईल तितका करा, नाहीतर वजन येताच तो सळईकडे झुकतो. उचलताना काहीच धोका वाटत नाही, धोका उतरवताना असतो: उलटी कळ दाबून वजन असताना दांडा सोडला तर तो जबर वेगाने वर-खाली फिरतो. जबडा आणि हाताची हाडं अशीच मोडतात. दांडा कधीही सोडू नका, त्याच्या फेऱ्यात डोकं आणू नका, आणि उचल संपल्यावर दांडा उभ्या दातेरी दांडीला लावून ठेवा. काही जॅकमध्ये जास्त वजनावर तुटणारी पिन असते. ती तुटली तर तीच पिन घाला, कडक बोल्ट नको.

दोन बॉटल जॅक. सळईच्या दोन्ही बाजूंना जॅक, वर ७५ मिमीचं चॅनेल आडवं, चॅनेलच्या मध्याला शिकंज्याच्या साखळ्या. हे फार शांत आणि सरळ काम करतं. उचल दर वेळी १० ते १२ सेंमीच मिळते, तेवढं झालं की चॅनेलखाली लाकडाचे ठोकळे भरून जॅक खाली घ्यायचे. दोन्ही जॅक एकाच लयीत दाबा, एक पुढे गेला तर चॅनेल घसरतं. अर्थिंगच्या जाड पाइपला माझी पहिली पसंती याच पद्धतीला.

तिकाटणं आणि चेन पुली. लांब रॉडला सोयीचं. दीड इंची सी-क्लास पाइपचे तीन पाय, तीन ते साडेतीन मीटरचे. पाय जमिनीशी ६० ते ७० अंशात ठेवा आणि तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा. पाय फाकले की तिकाटणं अंगावर येतं. पुलीचा हुक सळईच्या बरोबर वर आहे की नाही ते ओळंबा सोडून बघा. हुकाची कडी बंद असल्याची खात्री करा. चेनवर जोर ३० किलोच्या पुढे लागू लागला आणि तरी काही हलत नसेल, तर एक टनाची मर्यादा आली आहे: थांबा, परत पाना घ्या, फिरवा.

या सगळ्यात पहिले दोन-तीन सेंमी सर्वात जड जातात. एकदा सळई सरकली की मातीची धरही कमी होते आणि आतली लांबीही. एक तृतीयांश सळई बाहेर आल्यावर बऱ्याचदा पाना फिरवत दोन हातांनी बाकीची निघते. म्हणून सुरुवातीच्या त्या दोन सेंमींसाठी ओढ ठेवून थांबा, फिरवा, पुन्हा ओढ द्या. जोर वाढवत नेण्यापेक्षा हे कधीही बरं.

८. प्रत्येकाचं वेगळं काय

मांडवाचा खुंटा तिरका ठोकलेला असतो, दोरीच्या उलट दिशेला झुकलेला. त्याला उभा वर ओढला की जमीन फुटते आणि खुंटा वाकतो. बाजूंनी दोन-दोन ठोके द्या, डोक्याखाली साखळी अडकवा आणि त्याच्याच झुकावाच्या रेषेत पहारेने उचला. रांगेत शंभर खुंटे असतील तर ती तिरकी पट्टी आणि पहार घेऊन दोन माणसं भराभर पुढे जातात.

कुंपणाच्या अँगलला काँक्रीट असेल तर चारही बाजूंनी खोदायची गरज नाही. एका बाजूला ठोकळ्याच्या तळापर्यंत खड्डा घ्या, अँगल त्या खड्ड्याकडे आडवा पाडा, ठोकळा आपोआप वर येतो. मग घणाने काँक्रीट फोडून अँगल मोकळा करा. ताणलेली तार आधी सोडा, कोपऱ्याचा अँगल सगळ्यात शेवटी.

जुन्या पद्धतीच्या अर्थिंगचा ४० मिमी जीआय पाइप हा सगळ्यात चिवट. भोवती मीठ-कोळसा भरलेला असतो, मिठाने पाइप सडतो, आणि पाइपला खाली पाडलेली १२ मिमीची भोकं ही तुटायची जागा. आत अडीच मीटर असेल तर वरच्याच हिशेबाने अकराशे किलोच्या पुढे ओढ लागते, पण फिरवायला २४ इंची पान्यावर दुप्पट लांबीचा दांडा घेतला तर २३ किलोच्या आसपास पुरतात. वरच्या चुडीवर (आट्यांवर) सॉकेट चढवा म्हणजे चुड्या वाचतात आणि शिकंजा सॉकेटच्या खाली अडतो. शिकंजा आवळण्याआधी पाइपच्या तोंडात लाकडी खुंटी ठोका, नाहीतर पाइप चेपतो. फिरवताना करकरत एका जागी नरम लागलं तर पाइप सडलेला आहे, तो तुटणारच. ओढण्यात वेळ घालवू नका.

तांब्याचा लेप दिलेला १७.२ मिमीचा रॉड परत वापरायचा असेल तर पाइप पाना थेट लावू नका, दात लेप फाडतात. शिकंज्याच्या खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी घाला आणि शिकंजाच दांड्यासारखा फिरवा. लेप खरवडून आतलं लोखंड दिसू लागलेला रॉड पुन्हा अर्थिंगला घालू नये, तो आतून गंजतो.

९. नेहमीच्या चुका

ट्रॅक्टरने आडवं ओढणं. सळई जमिनीलगत नव्वद अंशात वाकते आणि पुढे कुठलंही अवजार तिला लागत नाही. साखळी ड्रॉबारच्या वर, उंच बांधली तर ट्रॅक्टरचं पुढचं टोक उचलून तो मागे उलटतो.

साखळीऐवजी जुना नायलॉनचा दोर. दोर ताणला जातो, तुटताना चाबकासारखा परत येतो. साखळी असो वा दोर, ओढीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

सळईच्या डोक्यावर वाकून काम करणं. ती सुटते ती एकदम सुटते आणि थेट हनुवटीखाली येते. बाजूला उभे राहा, पाय फाकवून, आणि अंगाचा सगळा भार पहारेवर टाकू नका.

वाकलेली सळई आधी सरळ न करता ओढणं. वर निघालेला भाग वाकला असेल तर जाड पाइप त्यावर चढवून शक्य तितका सरळ करून घ्या, मग शिकंजा.

१०. नाहीच निघाली तर

पाणी, ठोके, फिरवणं सगळं झालं, एक टनाची ओढ दिली, तरी हलत नाही, तर खाली ती वाकलेली किंवा काँक्रीटमध्ये आहे. आणखी जोर लावण्यात अर्थ नाही. लगत एका बाजूने खोदून कारण बघा. खणणं परवडत नसेल तर कापा. अंगणात जमिनीखाली वीतभर पुरतं. शेतात मात्र नांगराचा फाळ पोचणार नाही इतकं खाली, निदान दीड फुटाच्या खाली कापा आणि ती जागा कुठल्या तरी कायमच्या खुणेपासून टेपने मोजून लिहून ठेवा.

निघालेल्या सळईचं भोक लगेच भरा. अडीच मीटर खोल, दोन बोटं रुंद भोकात वरून माती टाकली तर मध्येच अडकून खाली पोकळी राहते. कोरडी वाळू किंवा चाळलेली माती मूठ-मूठ टाकत, बारीक सळईने ठोसत, वरपर्यंत या. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ती जागा खचते, तेव्हा पुन्हा एक घमेलं माती लागेल.